ज्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने कुणाला सांगू नये, आणि अशील मेला तरी हे बंधन सुटत नाही, असा एक निकाल आमच्या ठाण्याच्या कोर्टात पूर्वी झाला. नवे वकील अजून अधूनमधून त्याचा दाखला देतात. मग वकिलांच्या खोलीत कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतो, "त्या खटल्यातले साक्षीदार हेच बरं का!" की ती पोरे उठून मला नमस्कार करतात. मी तो घेतो. घेऊ नये हे मला कळते, पण नाकारला तर कारण सांगावे लागेल. ते कारण इथे लिहितो.

आमच्या घराला लागून दोन भावांचे घर होते. थोरला मिठाच्या खात्यात कारकून होता. खाडीकाठच्या मिठागरांवर जाऊन मीठ तोलून घेणे, राशींवर शिक्के मारणे हे त्याचे काम. अबोल माणूस. छत्री नेहमी काखेत मारलेली. ऊन कितीही असो, ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. एका दुपारी तो जेवून मिठागराकडे गेला आणि परत आला नाही. खाडीत गळ टाकून पाहिले, होड्या फिरवल्या. कुणी म्हणाले गोसावी झाला, कुणी म्हणाले काशीला गेला. त्याची बायको वीस-बावीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हते. ती वाट बघत राहिली. कपाळी कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, सगळे जिथल्या तिथे.

त्यानंतर वर्षभराने मिठाच्या चोरीत पकडलेला एक माणूस माझा अशील झाला. त्याला भेटायला मी किल्ल्यातल्या तुरुंगात गेलो, तेव्हा तो भाकरी खात बसला होता.

"वकीलसाहेब, तुम्हाला सांगितलेलं बाहेर जात नाही म्हणतात. खरं का?"

"खरं."

"सरकारनं विचारलं तरी?"

"तरी नाही."

"मग हे घ्या," असे म्हणून त्याने मला त्या कारकुनाचे काय झाले आणि तो कुठे आहे ते सांगितले. त्याचे शब्द मी इथेही लिहिणार नाही. वाचक समजतील. कोर्टही असेच समजले होते, आणि माझे दुःख नेमके तेच आहे. सांगून झाल्यावर त्याने डोक्यावरचा भारा उतरवावा तसा श्वास सोडला आणि उरलेली भाकरी चवीने खाल्ली. पुढे पटकीच्या साथीत तो तुरुंगातच मेला. त्याला रडायला कुणी नव्हते. त्याचा वारसा म्हणून ती गोष्ट तेवढी माझ्याकडे आली.

शेजारीण आमच्या घरी रोज येई. माझ्या पत्नीची आणि तिची जिवाची मैत्री. माझ्याशी ती थेट कधी बोलली नाही. तशी रीत नव्हती. मला काही सांगायचे असले की पत्नीकडे बघून सांगायची, "वहिनी, दादांच्या धोतराला शाई लागलीय म्हणावं." मी आतून ऐकायचो. माझे उत्तरही पत्नीमार्फत जायचे. त्या तुरुंगातल्या दुपारनंतर तिचा आवाज ऐकला की मी जागचा उठून परसात जाऊ लागलो.

एकदा मला राहवले नाही. उन्हाळ्यात भर दुपारी मी मिठागरांकडे गेलो. तिथली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून समजणार नाही. जमीन पांढरी, राशी पांढऱ्या, आभाळही पांढरेच, आणि माणूस कुठे संपतो नि उजेड कुठे सुरू होतो ते कळत नाही. वारा पडलेला. मी अशिलाने सांगितलेल्या बांधावर जाऊन उभा राहिलो. सगळ्या वाफ्यांवर मिठाची साय धरली होती. माझ्या समोरच्या वाफ्यात नुसते काळसर पाणी होते. मागून एका आगऱ्याने हाक मारली.

"सायेब, तय नका उभं रावू. त्या वाफ्यान मीठ धरत नाय."

"का धरत नाही?"

"नाय धरत," तो म्हणाला आणि फावडे उचलून दुसरीकडे गेला.

मी वळलो तेव्हा पुढे, बांधाच्या टोकाला, एक माणूस गावाकडे चालला होता. काखेत मिटलेली छत्री. तेवढ्या उन्हात. मी भराभर चालू लागलो, पण आमच्यातले अंतर कमी होईना, आणि हाक मारायचे धैर्य झाले नाही, कारण तो वळून पाहील अशी मला भीती वाटली. रस्ता लागला तिथे तो नव्हता. घरी येऊन मी तांब्याभर पाणी प्यालो. ते मला खारट लागले.

सात वर्षे उलटली आणि धाकट्या भावाने दावा लावला. सरकारी कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची कुणाला खबर नाही तो मेला असे धरता येते. भाऊ विभक्त नव्हते, थोरल्याला मुलगा नव्हता. तो मेला असे ठरले की घर आणि भाताचे शेत धाकट्याचे, वहिनीला फक्त अन्नवस्त्र. आणि केशवपन. ती म्हणे, आपल्यात बारा वर्षे वाट पाहतात, मगच दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आणि माझा माणूस तर जिवंत आहे.

तिने पत्नीमार्फत मला वकीलपत्र घ्यायला सांगितले. मी आतून म्हणालो, माझ्याकडे कामे फार आहेत.

"वहिनी, दादा दिराला भितात का हो?"

तो जिवंत आहे, असे मी कोर्टापुढे कुठल्या तोंडाने मांडणार होतो? आणि का मांडत नाही, हे तरी तिला कसे सांगणार? तिने दुसरा वकील दिला.

तिच्या बाजूचे साक्षीदार आले तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. शहाडचा एक नावाडी म्हणाला, दोन वर्षांपूर्वी मी या माणसाला उल्हास नदी पार करून दिली. पैसे न देता उतरून गेला, म्हणून लक्षात राहिला. खडवलीच्या एका वाण्याने त्याला नदीवर अंघोळ करताना पाहिले होते. कल्याणला देवळाच्या पायऱ्यांवर तो बसलेला एका भटजींनी पाहिला होता. छत्रीची खूण प्रत्येकाने सांगितली. उलटतपासणीत विचारले, तोंड पाहिले का? नावाडी म्हणाला, तो पुढे तोंड करून बसला होता. वाण्याने पाठ पाहिली होती. भटजी म्हणाले, मान खाली होती. तोंड कुणीच पाहिले नव्हते. लोक हसले. मला हसू आले नाही. कोर्टात मी खोटे साक्षीदार पुष्कळ पाहिले आहेत आणि खोट्या साक्षीदाराला तोंड नेहमी स्पष्ट दिसलेले असते. ही माणसे खरे सांगत होती.

मग धाकट्याच्या कानावर कुणा सुटलेल्या कैद्याने घातले की तो मेलेला चोर आपल्या वकिलाला सगळे सांगून बसला होता. मला साक्षीचे समन्स आले.

इथे माझी चूक आहे, आणि ती लोकांना वाटते ती नाही. अशिलाचा भरवसा मोडायचा नाही हे ठरलेलेच होते. प्रश्न तो कसा राखायचा एवढाच होता. मी आदल्या दिवशी न्यायाधीशांना त्यांच्या खोलीत एकांतात भेटून म्हणू शकलो असतो, की मला बोलावू नये, माझ्याजवळ असलेले काही मला सांगता येणार नाही. आमचे न्यायाधीश समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी मला गुपचूप मोकळे केले असते आणि पिंजऱ्यात मी कुणाला दिसलोच नसतो. हे मला सुचले नव्हते असे नाही. पण असा मुद्दा आमच्या कोर्टात कधी निघाला नव्हता, आणि तो मी भरल्या कोर्टात उभा राहून मांडावा, त्यावर निकाल व्हावा, असे मला वाटत होते. दोन दिवस मी पुस्तके चाळली. आरशापुढे उभा राहून बोलून पाहिले.

कोर्टात गर्दी होती. शेजारीण बाहेर ओसरीवर, दाराला टेकून, पदर पुढे ओढून बसली होती. धाकट्याच्या वकिलाने विचारले, "त्या कैद्याने या बेपत्ता माणसाविषयी तुम्हाला काही सांगितले का?"

मी म्हणालो, "या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला मनाई आहे. जे सांगितले ते वकील म्हणून सांगितले."

जे सांगितले ते! आरशापुढे हे वाक्य मला फार चांगले वाटले होते. काहीच सांगितले नसते तर लपवायला काय होते? तो जिवंत आहे असे सांगितले असते तर लपवायचे कशाला? प्रत्येकाने आपल्या मनाशी हा हिशेब केला, आणि एकेक मान ओसरीकडे वळली. तीही माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे सरळ पाहिले ते त्या दिवशी प्रथम. दाराच्या चौकटीत, तिच्या मागे, बाहेरच्या पांढऱ्या उन्हात एक माणूस कोर्टाकडे पाठ करून उभा होता. पक्षकारांपैकी कुणी असेल. मी पुन्हा तिकडे पाहिले नाही.

न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकून माझ्या बाजूने निकाल दिला. वकील बोलू शकत नाही, अशील मेल्याने फरक पडत नाही, आणि त्याच्या न बोलण्यावरून कुणी काही अनुमान काढू नये. हे शेवटचे वाक्य त्यांनी कळवळून, पुन्हा एकदा म्हटले. अनुमान तर कधीच निघून बसले होते. दावाही पुढे फेटाळला गेला. नावाडी, वाणी आणि भटजी यांच्यावर कोर्टाने विश्वास ठेवला. म्हणजे कायद्याने तो जिवंत ठरला.

ओसरीवर धाकट्याने मला गाठले. हरला होता, तरी हसत होता.

"काय वकीलसाहेब, जीभ कोर्टाने जप्त केली वाटतं?"

"कोर्टानं सांगितलंय, अनुमान काढू नये."

"आम्ही कुठं काढतोय? तुम्ही काढून हातात दिलंत. घर तिचं राहू द्या. आता बघा तिच्याकडं कोण जातंय ते."

वकिलांच्या खोलीत मात्र मला पेढे खिलवले गेले. मी ते खाल्ले.

तिला कुणी वाईट बोलले नाही. फक्त आळीतल्या बायका मंगळागौरीला, संक्रांतीला तिचे दार चुकवून पुढच्या घरी जाऊ लागल्या. ती कुंकू लावायची, वेणीत फूल माळायची, संध्याकाळी अंगणात दिवा ठेवायची. तिला बघून पोरे रस्ता ओलांडत. पोरांना हे कुणी शिकवले नव्हते. कोर्टाने जिवंत आणि गावाने मेलेला ठरवलेल्या नवऱ्याची ती बायको होती, आणि त्या घरातून भर दुपारी दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज येतो, असे लोक म्हणू लागले. भिंत आमची सामाईक होती. मी ऐकला की नाही, हे मला विचारू नये.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू झाले. पत्नीने हट्टाने तिला बोलावले. ती आली तेव्हा माजघर बायकांनी भरले होते. कैरीच्या डाळीच्या वाट्या हातातच राहिल्या. पत्नी करंडा घेऊन पुढे झाली आणि तिथेच थांबली. दाराआड मी उभा होतो. पत्नी माझ्याकडे वळली.

"इकडून काय म्हणणं आहे? लावू ना?"

"लाव" म्हणालो तर माझ्या मते ते खोटे होते, "नको" म्हणालो तर अशिलाचा विश्वासघात. मी खाली बघितले.

"वहिनी," शेजारीण शांतपणे म्हणाली, "दादांना कशाला विचारता? त्यांना बोलायची मनाई आहे."

एकदोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. तिने पत्नीच्या हातातला करंडा स्वतः घेतला, बोट बुडवले आणि आरशाशिवाय, नेमक्या जागी, कपाळावर टेकवले. मग तेच बोट पुन्हा बुडवून तिने माझ्या पत्नीपुढे धरले. सवाशिणी एकमेकींना लावतात तसे.

"लावू, वहिनी?"

माजघरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते की ती जर खरोखर सवाष्ण नसेल, तर त्या बोटाने कुणाच्या आयुष्याला स्पर्श होणार. मलाही ठाऊक होते. मी इंग्रजी शिकलेला, असल्या गोष्टींना हसणारा माणूस. तरी "नको" हा शब्द माझ्या ओठांवर आला. अशिलाचा भरवसा मी कोर्टापुढे राखला, तिचा संसार त्यापायी मोडला तरी राखला. आणि माझ्या स्वतःच्या जिवाची भीती वाटली तेव्हा तो मोडायला मी एका क्षणात तयार झालो. तो शब्द बाहेर पडला नाही, यात माझा काही गुण नाही. त्याआधीच माझ्या पत्नीने आपले कपाळ पुढे केले होते.