कोथिंबिरीचा अंदाज

मार्केट यार्डात नसीमबानू बागवान यांचा कोथिंबिरीचा गाळा आहे. जुडी नुसती हातात घेतली तरी ती कधी कोमेजणार, हे त्या सांगतात. एकच गोष्ट त्यांना कधी कळली नाही : शनिवार पेठेतल्या सलिल केळकरांना उद्या किती जुड्या लागतील.

केळकर कोथिंबीर वडी विकतात. नसीमबानू रोज फोन करायच्या, "सलिलभाऊ, आदल्या दिवशी अंदाज तरी सांगत जा."

"अंदाज सांगायला मी वेधशाळा आहे का?" असं म्हणून केळकर फोन ठेवायचे.

मग एका लग्नाची ऑर्डर आली आणि केळकरांनी चक्क आदल्या दिवशी फोन केला. "शंभर पाठवा." लागणार होत्या पन्नासच, पण कमी पडल्या तर नाचक्की नको.

नसीमबानू हरखल्या. पण केळकर चिकट, ते कमीच सांगणार, असा हिशेब करून त्यांनी शेतकरी हिंदुराव मोरे यांना दोनशे सांगितल्या.

हिंदुराव मनात म्हणाले, 'ताई नेहमी हात राखून सांगतात.' त्यांनी चारशे काढल्या आणि थेट पेठेत टेम्पो घातला.

टेम्पो गल्लीत अडकला. केळकरांनी दार उघडलं तर समोर हिरवी भिंत.

"ही कोथिंबीर आहे की कुरण?"

"तुमचीच हाय की!" हिंदुराव म्हणाले.

केळकरांनी फोन करताच नसीमबानू रिक्षा पकडून आल्या. कुणी किती वाढवलं ते तिथेच उघड झालं. तेवढ्यात वधूपित्याचाही फोन आला. पाहुणे दीडशे सांगितले होते, पण खरे ऐंशीच. "असावेत म्हणून थोडे जास्त सांगितले," ते म्हणाले.

नसीमबानू फुटपाथावर बसून पोट धरून हसल्या. मग उठल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जुड्या फुकट देऊ लागल्या. कुणी घेईना.

"फुकट का? शिळी आहे का?" एका आजोबांनी विचारलं.

नसीमबानूंनी लगेच रुपयाला जुडी केली. आजोबा म्हणाले, "रुपयाला दोन द्या." मग रांग लागली. टेम्पो रिकामा होऊन गल्लीबाहेर निघाला.

त्याच दिवशी नसीमबानूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला : 'खरा आकडा'. त्यात केळकर, हिंदुराव आणि ज्याची ऑर्डर असेल तो गिऱ्हाईक. नियम एकच, मनाने वाढवायचं नाही. हिंदुरावांनी सगळ्यात आधी गुलाबाचा फोटो टाकला. केळकरांनी विचारलं, "याच्या किती जुड्या?"

पुढच्या बारशाला केळकरांनी लिहिलं, 'साठ.'

नसीमबानूंचा हात शिवशिवला. "खरंच साठ?"

"शपथपत्र देऊ का?"

साठ आल्या, साठ संपल्या. संध्याकाळी एक बाई वड्या मागायला आल्या. "संपल्या," केळकर म्हणाले, आणि इतक्या प्रेमाने म्हणाले की बाई घाबरून दोन पावलं मागे सरकल्या.