गोळ्या संपल्या की तेल लाव, असं मी सांगितलं

डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "दोन आजार आहेत. दोन्ही तुझ्याच शरीराने तुझ्यावर लादलेले."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. मोखाड्याहून एसटी धरून नाशिकच्या दवाखान्यात आले होते, कारण सहा महिने सकाळी मुठी वळत नव्हत्या. संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा उचलायचा तर मनगटातून कळ निघायची.

पहिला आजार रुमेटॉइड आर्थ्रायटिस. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. दुसरा हाशिमोटो थायरॉइड. तीच यंत्रणा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं नुकसान करते. ग्रंथी मंदावते आणि तिच्याबरोबर माणूसही. थंडी वाजते, अंग जड होतं, केस गळतात. टीएसएच ही त्याची रक्ततपासणी. आकडा वाढला म्हणजे ग्रंथीचं काम कमी पडतंय.

बरं कधी होईल, विचारलं. "पूर्ण बरं होणार नाही, आटोक्यात राहील. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

मला संताप आला. 'होणार नाही' हे शब्द मी सरकारी टेबलांसमोर उभी राहून खूप ऐकलेत. रस्ता होणार नाही. टँकर येणार नाही. त्याविरुद्ध पत्रकं काढण्यात माझी पाच-सहा वर्षं गेली. आता माझ्याच हाडांबद्दल तेच ऐकायचं?

ठाण्याच्या मैत्रिणीने दोन लहान बाटल्या दिल्या, लव्हेंडरच्या आणि लोबानच्या तेलाच्या. अशी तेलं नुसती लावायची नाहीत, कातडी भाजते. मी चमचाभर खुरासणीच्या तेलात दोन थेंब टाकून बोटं चोळायची. बिस्किटं, मैदा, साखरेचा चहा बंद केला. नागलीची भाकर, उडीद, शेवग्याची भाजी, सुकी मासळी यावर आले. अडीच महिन्यांत मूठ वळली. झोप लागायला लागली. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. आजही तेल लावते.

पण त्याच अडीच महिन्यांत मी आठवड्याची सांध्यांची गोळी आणि रोजची थायरॉइडची गोळीही घेत होते. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सांध्यांच्या गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. ते मी सोयीस्कर विसरले आणि सगळं श्रेय तेलाला दिलं. कारण तेल मी निवडलं होतं, गोळ्या माझ्यावर लादल्या होत्या.

मी इथवरच थांबले असते, तर नुकसान माझं एकटीचं झालं असतं.

काशीमावशी सूर्यमाळच्या एका पाड्यावर राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचा थायरॉइड माझ्याहून जुना. सरकारी दवाखान्यातून गोळ्या महिन्याच्याच मिळायच्या, पुढच्या महिन्यात पुन्हा या. आणि दिवाळी झाली की अख्खा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, तो शिमग्यालाच परततो. चार महिने बाहेर राहणाऱ्या माणसाच्या हातात एका महिन्याच्या गोळ्या ठेवणाऱ्यांनी एकदा भट्टीवर राहून बघावं.

आदल्या वर्षी गोळ्या मीच महिन्याच्या महिन्याला पोहोचवल्या. यंदा रस्त्याच्या मोर्चाची तयारी चालू होती, मला भट्टीवर जाणं जमणार नव्हतं. मावशी म्हणाली, मग मी जातच नाय. मी तिच्या हातात लोबानची बाटली दिली. "जा बिनधास्त. गोळ्या संपल्या की हे लाव. गळ्यालाही चोळ. नागली खा." पत्रकात लिहितात तसं ठणकावून सांगितलं. मावशीने पोरांच्या कपड्यांत बाटली जपून बांधली.

पुढचं मी तिच्या सुनेकडून ऐकलं. मावशी पेटत्या भट्टीशेजारी बसून कुडकुडायची. विटा उचलता उचलता झोपायची. मुकादम म्हणायचा, ही बाई नाटकी आहे, हिला आगीत घातली तरी गारच राहील. सगळे हसायचे. ती बिचारी गळ्याला तेल चोळायची.

शिमग्याला जीप पाड्यावर आली, तेव्हा तिला दोघींनी धरून उतरवलं. चेहरा सुजलेला, आवाज पुरुषासारखा जाड. शेजारीण म्हणाली, "काय गं काशे, भट्टीवर बसून खाल्लंस वाटतं." मावशी हसली, पण बऱ्याच वेळाने. मला ओळखायलाही तिला तेवढाच वेळ लागला.

तसंच तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मिक्सिडीमा. म्हणजे थायरॉइडचा रस इतका कमी होतो की अंग गार पडतं, हृदय मंदावतं, माणूस हळूहळू बेशुद्धीकडे जातो. "आणखी आठवडा गेला असता तर हाती लागली नसती. गोळ्या कोणी बंद केल्या?"

मी केसपेपरची घडी घालत बसले. पत्रकं लिहिणारी, सभेत माइक ओढून घेणारी मी.

मावशीच म्हणाली, "बंद नाय केल्या. दुसरा औषध चालू होता."

बायांनो, तेल लावा, बरं वाटतं. चांगलं खा, अंगाला लागतं. पण गळ्यातली ग्रंथी जे बनवत नाही ते कुठलं तेल बनवत नाही, नागलीही नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा नंतर. गावाबाहेर जाणार असाल तर सगळ्या महिन्यांच्या गोळ्या मागा. नाही म्हणाले तर तिथून उठू नका. आणि माझ्यासारखं कोणी छातीठोक बोलायला लागलं, तर आधी विचारा, तू स्वतः गोळी बंद केलीस का? मी केली नव्हती. मावशीला मात्र तेलावर पाठवलं.

मावशी वाचली. त्या वॉर्डातल्या सिस्टर आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण ती आता मीठ दोनदा घालते, नातवंडांची नावं चुकवते. हे भरून येईल का, डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी तिला गोळीचं पाकीट दाखवून सगळं समजावलं. किती, कधी, कशाबरोबर. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. ते पुढच्या खाटेकडे गेले, तशी ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "तू सांग. खाऊ का या?"