मिश्रीच्या डबीतली नखं

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. घडतात त्या दिवशी सांगायला कोणी नसतं, मग ते तसेच पडून राहतात. ऐंशीच्या दशकात मी दोन वर्षं रत्नागिरीला होतो. खाडीतल्या पाण्यात, गाळात आणि मासळीत शिसं, आर्सेनिक किती आहे ते बघायचं, हे माझं काम. मी साताऱ्याकडचा, शाकाहारी घरातला. अख्ख्या गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. म्हणून आता तुम्हाला पकडून बसवलंय.

*

मिरकरवाड्याच्या मासळी बंदराजवळ खोली घेतली होती. तिथेच टेबलावर माझी प्रयोगशाळा. सकाळी लिलावातून पाच-सहा बांगडे आणायचे, वाळवायचे, खलात कुटायचे आणि भुकटी बाटलीत भरायची. घरमालक काका पंधरा दिवस दाराबाहेरून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अहो, लग्न झालं नाही हे ठीक. पण मासा असा खातात हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी मासा खातच नाही म्हटल्यावर ते आणखी काळजीत पडले. त्यानंतर त्यांच्या घरातली पोरं माझ्या दारावरून पळत जायला लागली.

*

नमुने मोजायचं मशीन मुंबईला, साहेबांच्या प्रयोगशाळेत. दर महिन्याला खाडीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन मी एसटीने जायचो. एकदा कंडक्टरने पेटी उघडायला लावली आणि बाटलीत काय आहे विचारलं. मी सांगितलं.

"खारं पाणी मुंबईला नेताय? तिकडचा समुद्र आटला काय?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. खरं सांगतो, त्या महिन्यात माझ्याशी कोणी एवढं बोललं नव्हतं.

*

मग मुंबईच्या साहेबांनी माणसांची नखं मागवली. खाल्लेल्यातलं शिसं, आर्सेनिक थोडंफार नखांत उतरतं. खाडीकाठी एक वाडी होती. तिथल्या बायका खडकावरची कालवं, म्हणजे शिंपल्यातलं मांस, फोडून बाजारात विकायच्या आणि घरीही तीच खायच्या. मी तिथे गेलो, नेलकटर काढलं आणि नखं मागितली. दुसऱ्या खेपेला वाडीतली सगळी दारं बंद! परका माणूस नखं कशाला मागतो? करणी करायला. चार रविवार मी देवळाच्या पायरीवर एकटा बसून परत आलो.

पाचव्या रविवारी भागीरथी आजी समोर येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, विधवा, वाडीतल्या सगळ्यात जुन्या कालवंवाल्या.

"पयली तुजी दे," त्या म्हणाल्या. "तू माज्यावर काय केलंस, तर मी तुज्यावर करीन."

मला हे एकदम पटलं. मी माझी नखं कापली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि सवयीने वर नाव-तारीखही टाकली. आजींनी पिशवी मिश्रीच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि मग आपला हात पुढे केला. महिनाभरात सगळ्या वाडीची नखं मिळाली. वाडीत मला डाक्तर म्हणायचे; डाक्तर माझ्या डबीत आहे, असं आजी घरोघर सांगत होत्या म्हणे.

*

तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडे. पहिल्यांदा ताटात कालवं आली तेव्हा माझा हात थांबला. एक तर शाकाहारी, त्यात या कालवांत विष आहे का तेच शोधायला आलेलो. पण रत्नागिरीत आल्यापासून मला कोणी 'बस जेवायला' म्हटलं नव्हतं. मी खाल्ली. पुढे जवळजवळ वर्षभर, दर रविवारी खाल्ली.

शेवटी तुलनेसाठी कालवं न खाणाऱ्या माणसाची नखं हवी होती. असा माणूस मीच, असं साहेबांनी धरलेलं. मीही बिनदिक्कत कापून पाठवली. रविवार डोक्यातच आला नाही! साहेबांचं पत्र आलं: "तुमच्या नखांत वाडीतल्या लोकांइतकंच शिसं आहे. तुम्ही तिथे करता काय?" खाली आणखी एक ओळ होती. याच माणसाची कालवं खाण्याआधीची नखं असती, तर शिसं कालवांतूनच येतं या आपल्या अहवालाला कोणी नाही म्हणू शकलं नसतं.

*

ती होती. तारखेसकट.

मी वाडीत गेलो आणि आजींना सगळं खरं सांगितलं. पिशवी दिलीत तर अहवाल पक्का होईल आणि इथल्या कालवांची विक्री बंद होईल. त्यांचं पोट त्या कालवांवर होतं, हे मला माहीत होतं. मला ते काम हवं होतं आणि ते घरही हवं होतं.

आजींनी फळीवरची डबी काढली.

"माजी परत देशील?"

ती तपासताना आम्लात विरघळली, आता काहीच उरलेलं नाही, असं मी मान खाली घालून सांगितलं.  त्यांनी डबीतली पिशवी काढून माझ्या हातावर ठेवली.

"आयतवारी ये," त्या म्हणाल्या. "कुळथाची पिठी करीन."