बर्फाच्या रेघांवर विळ्याची धार

मी चिडका आहे, हे घरचं कुणीही सांगेल. पण त्या दिवाळीत बापावर जसा ओरडलो, तसा पुन्हा कुणावर ओरडलो नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या कॉलेजात मी भूशास्त्र शिकत होतो. घर पनवेलला, खाडीच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबायचा, आणि भाताचा एक तुकडा आमचा स्वतःचा. आमच्या सरांनी चांद्याकडून, आताच्या चंद्रपुराकडून, एक दगड आणला होता. नारळाएवढा, करडा, एका अंगाने चपटा, आणि त्या चपट्या अंगावर शेजारी शेजारी बारीक रेघा. तीसेक कोटी वर्षांपूर्वी तिकडे मैलोन् मैल बर्फ होता. तो सरकताना पोटात अडकलेले दगड खालच्या खडकावर घासत न्यायचा, त्याच्या त्या रेघा. चांद्यात बर्फ! जिथे उन्हाने माणसं मरतात तिथे! मला आधी थापच वाटली. सरांनी दगड हातात दिला नि म्हणाले, "बोट फिरवून बघ." त्यानंतर मला चैन पडेना.

सुट्टीत तो दगड त्यांनी मला घरी न्यायला दिला. रेघांचं चित्र काढायचं, त्यांची दिशा मोजायची, टिपण लिहायचं. काम नीट झालं तर कॉलेजातल्या डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी ते माझं नाव सुचवणार होते. "कॉलेजचा दगड आहे, जप," एवढंच बजावलं.

तीन दिवस ओटीवर बसून अर्धं चित्र झालं. आई-बापाने काय चाललंय विचारलं की मी म्हणायचो, "अभ्यास हाय, तुमाला नाय कळायचं." चौथ्या दिवशी दगड ओटीवरच ठेवून पेन्सिल आणायला बाजारात गेलो. परत येतो तर बाप अंगणात उकिडवा बसलेला, शेजारचे दोघे समोर, आणि मध्ये तो दगड, पाण्याने ओला. भातकापणी तोंडावर आली होती. आमच्याकडचा सगळा दगड काळा, राठ. धारेला चांगला असा बारीक कणाचा दगड कुणाच्या दारात दिसला, की अख्खी आळी विळे घेऊन तिथे जमते. विचारायची पद्धत नाही, नाही म्हणायची तर नाहीच नाही. आठ विळे घासून झाले होते.

"बघ रं, काय धार धरतंय!" बाप खुशीत म्हणाला. "कुठशी आणलास?"

मी दगड हिसकावून घेतला. चपटं अंग गुळगुळीत झालेलं. कडेला चार-दोन रेघा उरल्या होत्या, त्यांच्यावरूनही लोखंडाचे ओरखडे.

"तीस कोटी वर्षं टिकलं होतं ते! तू एका सकाळीत वाट लावलीस! अक्कल हाय का नाय तुला?"

शेजारी आपापले विळे उचलून निघून गेले. बापाने पंच्याला हात पुसले. "तू सांगलंस कंदी?" तो म्हणाला. "दगड मांडीवर घेऊन बसतंस, आमी इचारलं तर बोलतंस, नाय कळायचं."

मी दगड घेऊन आत गेलो. उरलेली सुट्टी मी नुसता येरझारा घालत काढली. जेवण गोड लागेना, झोप लागेना. सरांना काय सांगू? हातातून पडला म्हणू? हरवला म्हणू? निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर दोन गाड्या डोळ्यांसमोर सोडल्या, तिसरीत चढलो.

सरांच्या खोलीत वर्गातले दोघे बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांतले. सरांनी दगड उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि मग चष्मा काढला.

"कोणी केलं हे?"

रागाने नाही, साधंच विचारलं. ते दोघे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून गेलं, "आमच्या घरच्या गड्याने. विळ्याला धार लावली."

"अरेरे. त्या बिचाऱ्याला काय माहीत!" सर म्हणाले. माझं अर्धं चित्र त्यांनी जपून कागदात ठेवलं. आता त्या रेघांचं तेवढंच उरलं, म्हणाले. रेघा छान टिपल्यास, तुझं नाव मी सुचवतो, असंही म्हणाले. मी मान डोलावली. आमच्या घरी गडी! सात पिढ्यांत कुणी ठेवला नव्हता.

पुढच्या शनिवारी घरी आलो, तर पनवेलच्या स्टँडवर बाप उभा. शेतातून तसाच आला होता, पायांना चिखल.

"काय बोलले सायेब?"

"जागा मिळंल बोलले."

"दगडाचं कोनी केलं, इचारलं असंल?"

"इचारलं."

"मंग माझं नाव सांगलंस ना? तुझ्यावर नको यायला."

"सांगलं," मी म्हणालो.

त्याचा जीव भांड्यात पडला. माझ्या हातातली पिशवी त्याने काढून घेतली, खांद्यावर टाकली आणि तो माझ्या पुढे चालू लागला.