आतोबांची नासपती

देवगड तालुक्यात राहून हापूसला उघड नावं ठेवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या नशिबी आला. मिठबावच्या बागायतदारांत बसून, मनगटावर ओघळलेला रस चाटत आतोबा म्हणत, "बरो आसा. पण ह्येका फळ म्हणूचो धीर माका होवचो नाय." जहाजावर खानसामा असताना फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी एका जुन्या जातीची नासपती खाल्ली होती. उन्हाळ्यात सगळ्यांच्या आधी पिकणारी, सुपारीपेक्षा थोडी मोठी. तोंडात एका वेळी सात मावतात म्हणून तिचं नावही तसंच पडलेलं. आतोबांनी ते पडताळून पाहिलं, आणि नेमकी त्याच वेळी कप्तानाने हाक मारली, तर भरल्या तोंडाने पाच मिनिटं त्यांना ओ देता आली नाही.

दर सुट्टीला आत्यासाठी साबण आले, छत्र्या आल्या, पण ती नासपती आली नाही. तोडल्या दिवशीच खायची. ठेवली की आतून सडते. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी उत्तरेतल्या थंड डोंगराकडच्या रोपवाटिकेतून कलमच मागवलं. बायकोला ती एकदा खायला घालायची, एवढाच ध्यास. थंडीशिवाय फूल धरत नाही असं कळल्यावर दर डिसेंबरात ते विजयदुर्गच्या जेटीवरून बर्फ आणून बुंध्याशी ओतत. बर्फाला मासळीचा वास. गावातली झाडून सगळी मांजरं तिथे मुक्कामाला आली. लोक हसले की आतोबा भडकत, "बांगड्याक बर्फ चलता, झाडाक घातलो तर मी येडो?"

अकरा वर्षांनी, गेल्या मे महिन्यात, एक फळ धरलं. एकच! त्याचा रंग वळतोय तोच आतोबांना मोतीबिंदूसाठी कणकवलीला तीन दिवस राहावं लागलं. परत मीच त्यांना घेऊन आलो. आत्या हसतमुखाने माजघरात गेली आणि आंब्याच्या आढीतून, गवत झटकत, ती नासपती घेऊन आली. जन्मभर तोडलेलं प्रत्येक फळ तिने आढीतच घातलं होतं. 'ठेवली की सडते' हे नवऱ्याचं प्रवचन हजारदा ऐकून ती ते ऐकेनाशी झाली होती.

सुरी फिरवली. आत सगळं तपकिरी.

"पाखरां खातीत म्हणान काढलंय," आत्या रडायलाच लागली, "पिकांदे म्हणान आढयेत घातलंय."

आता आतोबा घर डोक्यावर घेणार, या भीतीने मी उभाच राहिलो. त्यांनी काळ्या चष्म्यातून फळ न्याहाळलं, सालीलगतची नखाएवढी बरी फोड कोरली आणि तिच्या तोंडात घातली.

"गोड आसा गो?"

"आसा तर!"

चव कसली, नुसता गवताचा वास आला, असं तिने मला नंतर हळूच सांगितलं. आतोबांना मात्र ती अजून सांगते की असली गोडी जन्मात चाखली नव्हती. ते ऐकताना म्हातारा इतका सुखावतो, की मला त्या दोघांचा हेवा वाटतो.