सकाळच्या बसमधले काका

माझी मुलगी दवाखान्यात कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीकसा आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं आणि काचेबाहेर बसून हिने आलेख काढायचा. दिवसाला पंधरा-वीस माणसं होतात.

घरात तिला आम्ही फौजदारीण म्हणतो. बसमध्ये कुणी रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली, समोरच्या सीटवर पाय टाकले, की ही बोललीच. मी कितीदा सांगितलं, बाई, तुला काय पडलंय, उद्या एखादा मागे लागला म्हणजे? तिचे बाबा म्हणायचे, मागे लागणाऱ्याचीच काळजी कर.

गेल्या महिन्यात एक काका मोबाइलवर मोठ्याने बातम्या लावून बसले होते. हिने मागून दोनदा सांगितलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग ही पुढे जाऊन उभी राहिली.

"काका, कानात बोळे घातलेत का?"

सगळी बस हसली. काकांनी आधी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग हसणाऱ्यांकडे. फोन बंद केला आणि पुढच्याच थांब्यावर उतरून गेले. फोन त्यांनी उजव्या कानाला अगदी टेकवून धरला होता. असा एक कान पुढे करणारी, ओठ वाचणारी माणसं ही रोज तपासते. तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला तो बस सुटल्यावर.

तेव्हापासून ती बसमध्ये कुणालाच काही बोलली नाही. त्यांची माफी मागायचीय, एवढंच घरी येऊन सांगायची. ते दिसत नव्हते. तिचं जेवण कमी झालं, तशी मी तिच्याबरोबर त्याच बसने जायला लागले.

काल ते दिसले. हिला पाहताच त्यांनी खिशातून फोन काढला, त्याचा काळा पडदा तिच्यासमोर धरला, तपासनिसाला पास दाखवावा तसा, आणि परत ठेवून दिला.

मी तिला कोपराने ढोसलं. "बोल ना."

"त्यांना ऐकू जायला ओरडावं लागेल, आई. पुन्हा सगळ्यांसमोर."

मी पर्समध्ये कागद शोधायला लागले. कागद मिळाला, पेन मिळेपर्यंत दवाखाना आला. ती उतरली, तिच्यामागे मी उतरले. कोरा कागद माझ्या हातातच राहिला. तिने कामावर जाऊन पहिल्या माणसाला आत बसवलं.