ओटच्या दुधाला ताईचं विरजण

डॉक्टरांनी माझं दूध बंद केलं आणि बायकोने नगरच्या एका मॉलमधून ओटच्या दुधाचा खोका आणला. ओट भिजवून, वाटून, गाळून जे पाणी उरतं, त्याचे तीनशे रुपये मागायचे तर त्याला दूधच म्हणावं लागतं. खोक्यावर शेतात हसणारी मुलगी होती. गाय नव्हती. तिचा संबंधच काय?

हे घेऊन मी श्रीरामपूरला थोरल्या बहिणीकडे निघालो. ताईच्या गोठ्यात तीन म्हशी. तिच्या दुधाला नको म्हणणं म्हणजे तिलाच नको म्हणणं. पोटापेक्षा मला त्याचीच धास्ती.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, एसटी राहुरीवरून जाते. रस्ता आहे, असं फलकांवर लिहिलंय. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना आयुष्याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. राहुरीला भेळ खा. तिच्यात दूध नसतं, म्हणून मी दोनदा खाल्ली.

ताईने खोका उलटसुलट करून पाहिला.

"कशाचं म्हनलास?"

"ओटचं."

"घोड्याला घालत्यात ते?" दाजींनी विचारलं.

"आन् आमच्या म्हशींनी काय घोडं मारलं तुजं?" ताई म्हणाली.

मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं. तिने त्या दुधाचा चहा केला. रंग राखेचा, चव गार लापशीची. एक घोट घेऊन तिने आपला कप मोरीत ओतला. रात्री सगळ्यांच्या ताटात दही होतं. माझ्या ताटातल्या मोकळ्या जागेकडे ती बघत राहिली.

सकाळी खोका रिकामा.

"दह्याबिगर तुजं जेवन व्हत न्हाई," ताई म्हणाली. "म्हनून तुज्याच दुधाला विरजन लावलं."

तिने पातेल्याचं झाकण काढलं. आत पोस्टर चिकटवायची खळ, तीही आंबलेली.

"म्हशीला दाखवू नगा," दाजी म्हणाले. "आटंल ती."

"टाकून दे," ताई हळूच म्हणाली.

मी भाकरी मोडली आणि वाटी पुसून खाल्ली.

"कसं झालंय?"

"वाईट," मी म्हणालो आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून."

"येडा हाईस," म्हणत तिने काठोकाठ वाढलं.

निघताना तिने डबीभर विरजण दिलं. एसटीत ते पिशवीभर सांडलं, शेजारच्या बाईंनी नाक दाबलं, तरी तळाशी चमचाभर उरलं.

ओटचं दूध नगरला आमच्या स्वयंपाकघरातही दूध झालेलं नाही, होणारही नाही. तरी रोज रात्री मी त्यात आदल्या दिवशीचं चमचाभर विरजण घालतो. सकाळी ताईचा फोन येतो, "लागलं का रं?"

"न्हाई," मी सांगतो.

"बरं झालं," ती म्हणते. "उद्या परत लाव."